गाडीच्या पोटाला मारलेला काळा रंग

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, चळवळीतल्या कुणाला नाही, आणि जिचा पाय माझ्यामुळे मोडला त्या बाईला तर नाहीच. मला बोलायची सवय नाही असं कुणी म्हणणार नाही. कोपरगावच्या चौकात माईक हातात घेऊन मी तासतासभर बोललेली आहे. कारखान्याच्या गेटवर, तहसीलच्या पायरीवर, एकदा तर चुलतभावाच्या लग्नाच्या मांडवातसुद्धा. पण हे नाही. हे ओठाशी आलं की मी दुसऱ्याच कुणावर तरी ओरडायला लागते.

आणि आधीच एक सांगून टाकते. हे वाचून कुणाकुणाला उकळ्या फुटणार आहेत, ते मला ठाऊक आहे. एका ट्रॅक्टरला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडायच्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि कुणी त्यावर आपटून मेलं की "त्यालाच दिसलं न्हाई" म्हणायचं — ते सगळे. ते म्हणतील, बघा, ही आम्हाला शहाणपण शिकवत होती! म्हणा. खुशाल म्हणा. माझ्या खोटेपणाने तुमची ट्रॉली अंधारात दिसायला लागत नाही. तिला रिफ्लेक्टर लावा. मी कशीही असले तरी लावा.

झालं. आता माझ्याकडे वळते. — वळते आहे ना? की पुन्हा त्यांच्यावरच घसरले?

तीन वर्षांपूर्वी, गाळप सुरू व्हायच्या आधी, आम्ही चळवळीतल्यांनी ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावा म्हणत गावोगाव फिरायचं ठरवलं. भाषणं ऐकून लोक कंटाळलेत हे मलाही दिसत होतं. म्हणून एक चुराडा झालेली मोटारसायकल मिळवली. उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळलेली, हॅण्डल टाकीत घुसलेलं. ज्यांच्या घरातलं माणूस तिच्यावर गेलं त्यांनीच ती दिली. "दाखवा लोकांना," एवढंच म्हणाले. ती आम्ही एका दोनचाकी गाड्यावर बोल्टांनी पक्की केली, शेजारी छोटा जनरेटर, वर दोन कर्णे. पुढे आमच्या घरची पिकअप, मागे तो गाडा. आणि पिकअप चालवणार मी. मीच. आमच्या भागात पोरगी पिकअप चालवते, तेही मागे गाडा ओढत, याचंच लोकांना जास्त कौतुक. काहींना कौतुक, काहींना पोटदुखी.

पहिल्याच चाचणीत गाडी मागून डुलायला लागली. कांदा-टोमॅटो पाठीवर वाहणारी गाडी ती, ओढायची तिला सवय कुठली? वळणावर मागचा भाग एका अंगाला कलायचा आणि गाडा त्याला आणखी रेटायचा. स्टिअरिंग हातात असून गाडी आपली नाही असं वाटायचं. मी सरळ रशीदचाचांकडे गेले.

रशीद शेख. शिर्डी रस्त्याला, गावाच्या टोकाला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. माझ्या वडिलांच्या पहिल्या जुन्या जीपपासून आमच्या सगळ्या गाड्या त्यांच्याच हाताखालून गेलेल्या. बोलायला कमी, हाताला घाई नाही. त्यांनी गाडी पाहिली, मागून दोन्ही बाजूंनी पाय देऊन हलवली आणि म्हणाले, मागं स्टॅबिलायझर रॉड टाकावा लागेल. मला काही कळलं नाही. तेव्हा त्यांनी जमिनीवर गोणपाट अंथरलं आणि मला गाडीखाली झोपायला लावलं.

"अवो चाचा, मी कशाला? तुम्ही करा ना."

"चालवनार तू. मंग बघायचं बी तूच."

झोपले. अंगठ्याहून जाड, दोन्ही टोकांना वाकवलेला पोलादी रॉड. मधला भाग मागच्या एक्सलला धरून, दोन्ही टोकं वर चासीला, गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, जोडलेली. गाडी एका अंगाला झुकायला गेली की हा रॉड पिळला जातो आणि तिला परत ओढतो. एवढंच त्याचं काम. चाचांनी एका भंगारातल्या मोठ्या गाडीचा रॉड आणला होता, मापं घेऊन त्याला धरायच्या, आत रबर घातलेल्या पट्ट्या करून घेतल्या होत्या. गाडी जॅकवर असताना त्यांनी सगळे नट नुसते हाताने बसवले. मग जॅक काढला, गाडी चाकांवर उभी केली, गाडा मागे जोडायला लावला, आणि तेव्हा कुठे पाना घेऊन परत खाली शिरले. मी विचारलं, हे आधीच का नाही आवळलं? तर म्हणाले, गाडी आपल्या वजनावर उभी राहिली पाहिजे, अधांतरी आवळलं तर रबर पिळवटून फाटतं.

शेवटी त्यांनी पांढऱ्या रंगाची डबी काढली. एका काडीने प्रत्येक नटावरून बोल्टावर एक बारीक रेघ ओढली. सरळ, पांढरी. नट जरासा जरी फिरला तरी रेघ दुभंगणार.

"रबर नवं हाय, बसंल. रबर बसलं की नट ढिला पडतो. शंभर-सव्वाशे किलोमीटर झाले की घिऊन ये, परत आवळतो. तवर रोज वाकून बघ. रेघ तुटलेली दिसली तर गाडा जोडू नको, पोरी. कितीबी घाई असू दे."

शब्द न् शब्द लक्षात आहे माझ्या. विसरले असते तर हे लिहायची गरजच नव्हती.

मी परत गेले का? नाही. शंभर कसले, दोनशेच्या वर किलोमीटर झाले. राहाता, पुणतांबा, वैजापूरच्या हद्दीपर्यंत जाऊन आले. गाडी डुलायची थांबली होती, सभा रंगत होत्या, व्हिडिओ फिरत होते. मग कशाला जायचं? — इथे थांबले तर तुम्ही मला माफ करून टाकाल. हलगर्जीपणा कुणाच्या हातून होत नाही, असं म्हणाल. म्हणून थांबत नाही.

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी ज्याच्या दारात जे हत्यार आहे त्याची पूजा होते. विळा, नांगर, शिलाई मशीन, ट्रॅक्टर, सगळ्याची. आम्ही ठरवलं, पिकअपची आणि गाड्याची जाहीर पूजा करायची आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मोठी फेरी काढायची. वार्ताहर येणार होते. मी गाडी घेऊन वॉशिंग सेंटरला गेले. धुऊन झाल्यावर खालचा तांबूस गंज आणि वाळलेला चिखल उघडा पडला. मी त्या माणसाला म्हणाले, खालून पण काळा रंग मारा, नवीकोरी दिसू दे. त्याने फवारा घेतला आणि गाडीचं सगळं पोट काळंकुळकुळीत करून टाकलं. स्प्रिंगचे पाटे, एक्सल, रॉड, नट. पांढरी रेघ एक राहिली नाही.

पूजेच्या आनंदात, नकळत झालं? — तीन वर्षं मी स्वतःला हेच पटवलं. पोलिसांनी परत विचारलं असतं तर हेच सांगितलं असतं.

नकळत नाही झालं. त्याच दिवशी सकाळी, गाडी धुवायला न्यायच्या आधी, मी अंगणात वाकून पाहिलं होतं. उजव्या बाजूच्या नटावरची रेघ तुटलेली होती. वरचा अर्धा भाग खालच्यापासून नखाएवढा सरकला होता. मी हात घातला, नट बोटांनी हलवून पाहिला. हलला. पान्याशिवाय, माझ्या या बोटांनी हलला.

वॉशिंग सेंटरला जाताना वाटेत चाचांचं गॅरेज लागतं. त्या दिवशी ते उघडंच होतं. गावातले ड्रायव्हर दरवर्षी खंडेनवमीला त्यांच्या लोखंड तापवायच्या शेगडीला आणि पान्यांना झेंडूचा हार घालायचे, नारळ फोडायचे, आणि चाचा सगळ्यांना पेढे वाटायचे. ते दारातच उभे होते. मला बघून त्यांनी हात वर केला. पेढ्याचा बॉक्स होता त्यात. अर्ध्या तासाचं काम होतं, गाडी आत घ्यायची, चार नट आवळायचे. पण पूजा अकराला होती आणि वार्ताहर यायचे होते. मी हॉर्न वाजवला आणि पुढे गेले.

आणि रंग? रंग मारायला सांगितला तेव्हा मला रेघा आठवत होत्या. चांगल्या आठवत होत्या. रेघच दिसली नाही तर ती तुटलेलीही दिसणार नाही — इतकं साधं डोकं चाललं माझं. दुसऱ्या कुणाला दिसू नये म्हणून नव्हे. मलाच परत दिसू नये म्हणून.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही कोपरगावहून निघालो. कालव्याजवळच्या वळणावर मागून लोखंड रस्त्यावर घासल्याचा आवाज आला. उजव्या बाजूचा नट निघून रॉडचं टोक खाली पडलं होतं. गाडी एका अंगाला बसल्यासारखी झुकली, मी घाबरून जोरात ब्रेक मारला, आणि मागचा गाडा आडवा फिरला. वळणाच्या कडेला मंदाताई उभी होती. झेंडूच्या दोन गाठोड्यांपाशी, शिर्डीकडे जाणाऱ्या रिक्षाची वाट बघत. ती मंदिराबाहेरच्या हारवाल्यांना फुलं पुरवते. गाड्याचा कोपरा तिच्या गुडघ्याखाली बसला.

मोटारसायकलचा तो सांगाडा बोल्ट तुटल्याने गाड्यावरून निसटून तिच्या फुलांवर पडला होता. कर्णा चालूच होता. त्यातून माझाच रेकॉर्ड केलेला आवाज येत होता, वाहन सुरक्षित ठेवा म्हणून. हे मी रंगवून सांगत नाही. असंच झालं. कुणीतरी वायर उपटेपर्यंत तो आवाज चालू होता.

मंदाताई बेशुद्ध नव्हती. दवाखान्यात नेताना माझ्याच मांडीवर तिचं डोकं होतं. वेदनेने दात खाऊन ती मला म्हणाली, "त्या कारखान्यावाल्यांला शिकवाया निघाली हुतीस ना गं तू?" तेव्हा मला राग आला. लाज नाही आली, राग आला. खरं तेच सांगायचं ठरवलंय तर हेही सांगते.

पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. आज ती चालते, पण उकिडवं बसता येत नाही. फुलं तोडायची म्हणजे उकिडवं बसायचं असतं. आता ती वाफ्यात एक पाटा ठेवते आणि त्यावर बसून सरकत सरकत तोडते.

पोलिसांकडून गाडी तपासायला आलेले साहेब खाली वाकले. सगळं काळं. त्यांना काय कळणार? उभे राहून हात झटकत त्यांनी मला विचारलं, रॉड बसवणाऱ्याने परत आवळायला बोलावलं होतं का? काही खूणबिण करून दिली होती का?

मी म्हणाले, "नाही."

हीच ती गोष्ट. एवढा एकच शब्द. तासतासभर बोलणाऱ्या माझ्या तोंडून तेवढाच निघाला, आणि तो पुरला.

तरी मी तिथेही थांबले नाही. मला पत्रकं लिहिता येतात ना! तिसऱ्या दिवशी पत्रक काढलं. "बोगस जोडकाम, निष्पाप बळी — जबाबदार कोण?" मथळा माझा, मजकूर माझा. त्यात रशीदचाचांचं नाव घातलं नाही. कायद्याची जाण आहे मला. 'शिर्डी रस्त्यावरचा एक गॅरेजवाला' असं लिहिलं. गावाच्या त्या टोकाला गॅरेज एकच.

आणि आता सगळ्यात घाण भाग. मला माहीत होतं की याचा पुरावा कुणी मागणार नाही. शेख म्हटल्यावर नाही मागणार. मी सलोख्याची पत्रकं छापलेली पोरगी! अफवा कशा पसरतात यावर शाळाशाळांत बोललेली. कुणाच्या मनात काय साठलंय, कुठली काडी लावली की ते पेटतं, हे मला इतरांपेक्षा जास्त कळत होतं. त्या ज्ञानाचा मी वापर केला. शिव्या देऊन, घोषणा देऊन नव्हे. फक्त एक नाव न लिहून.

चहाच्या टपरीवर एक जण म्हणाला, "काय वो ताई, मुद्दाम केलं असंल का त्यानं? तुमच्या फेरीचं सगळ्यांनाच ठावं हुतं." दरवर्षी चाचांच्या शेगडीला हार घालणाराच तो. त्याला एका शब्दात गप्प करता आलं असतं. मी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "काय सांगावं."

काय सांगावं! सांगायला सगळं होतं माझ्याकडे.

गिऱ्हाईक महिन्याभरात आटलं. दगडफेक नाही, भांडण नाही. लोक नुसते जायचे थांबले. चाचा कुणाशी वाद घालायला गेले नाहीत. एकदाच मला बाजाराच्या वाटेवर भेटले. सायकल थांबवली, उतरले. "मी रेघेची खून केली हुती, पोरी. तुला म्हाईत हाय." बस. आवाज चढवला नाही. उत्तराची वाट बघत तेवढं उभे राहिले. मी मोबाईलवर बोलत असल्याचं दाखवलं. पलीकडे कुणी नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात गॅरेजचे पत्रे उतरले. ते आता श्रीरामपूरला दुसऱ्याच्या दुकानात टायरची पंक्चरं काढतात, असं ऐकते. ज्या माणसाने गाडी आपल्या वजनावर उभी राहिल्याशिवाय पाना लावला नाही, तो.

मग तीन वर्षं गप्प बसून आजच का बोलते? मन खाऊ लागलं म्हणून? मन खातच होतं, त्याने काही होत नाही. माणूस खात्या मनानेही छान जेवतो, सभा घेतो, टाळ्या घेतो.

गेल्या महिन्यात सोमवारच्या बाजारात मंदाताई भेटली. माझ्यावर तिचा राग नाही. गाडी मी चालवत होते, पण फसवलं त्या मेकॅनिकने, असंच तिला वाटतं. माझ्या पत्रकाने तिला तसं सांगितलंय. तिने बळंच माझ्या हातात शेवंतीचा गजरा ठेवला. पैसे घेईना. आणि सहज, फुलांवर पाणी मारता मारता म्हणाली, "रोज दुपारच्या आरतीला मी एकच मागते बग. ज्यानं माझा पाय घालवला त्याचं हात झडू दे. बाकी मला काय नगं."

रोज. तीन वर्षं. आरतीच्या वेळेला हात जोडून.

मी शाप-बिप मानत नाही. देवाला हात जोडायचंही मी केव्हाच सोडलं. पण ती मानते ना! तिच्या दृष्टीने ते खरं आहे, रोजचं काम आहे, आणि ते ती एका निर्दोष माणसाच्या हातांवर टाकते आहे. माझ्या सांगण्यावरून. तिच्या तळतळाटाचासुद्धा पत्ता मी चुकीचा दिला. मी तो गजरा घेतला, "येते ताई" म्हणाले आणि चालू लागले. त्याही दिवशी बोलले नाही. तेवढंही धैर्य झालं नाही.

आता चळवळीतल्या माझ्या मित्रांसाठी. तुम्ही हे छापलेलंच वाचाल, कारण आधी दाखवलं असतं तर तुम्ही छापू दिलं नसतं. तुमचं वाक्य मला पाठ आहे: व्यक्तीपेक्षा काम मोठं, कामाचं नुकसान नको. हेच वाक्य मी स्वतःला रोज सांगितलं. काम मोठं आहे, खरंच मोठं आहे. पण एका माणसाची भाकरी आणि इज्जत पायाखाली घेऊन ते उंच दिसत असेल तर नुकसान होऊ दे. मला काढा. माझ्याशिवाय ट्रॉल्या अडवा. पण अडवा.

आणि "बाईच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं" म्हणणाऱ्यांनो, तुम्हालाही तोंड उघडायची संधी देते आहे, तर नीट ऐकून मग उघडा. तुमच्या या टोमण्याची भीती मला तेव्हा होती. नट ढिला होता हे कबूल केलं असतं तर तुम्ही काय बोलला असता हे मी त्या वळणावरच मनात ऐकलं होतं. पण त्या भीतीमागे मी आज लपणार नाही. गाडी मला येते. आजही चालवते. खोटं मी बोलले ते ड्रायव्हर म्हणून नव्हे, भित्री होते म्हणून.

रशीदचाचांकडे जाऊन पाय का धरले नाहीस, असं तुम्ही विचाराल. गेले तर ते म्हणतील, "जाऊ दे, पोरी." स्वभाव आहे त्यांचा. आणि मी हलकी होऊन एसटीने परत येईन. त्या माणसाकडून आणखी काही घ्यायला मी जाणार नाही. हे वाचून ते आले, बोलले, थुंकले, दार लावून बसले, तरी ते त्यांचं. तो हक्क मी त्यांच्यावर काही लादून कमी करणार नाही.

ही चार पानं मी ज्या गावांत पहिलं पत्रक वाटलं त्याच गावांत वाटणार आहे. माझ्या हाताने, दारोदार, त्या चहाच्या टपरीवरसुद्धा. या वेळी नाव घातलेलं आहे, त्यांचंही आणि खाली माझंही. पोलीस ठाण्यात जबाब बदलून द्यायला उद्या सकाळी जाते. त्याचं पुढे जे व्हायचं ते होईल. आणि पहिली प्रत मंदाताईला. ती सातवी शिकलेली आहे, तिला दुसऱ्याने वाचून दाखवायची गरज नाही. दुपारच्या आरतीच्या आधी पोहोचेन. तिचं वाचून होईपर्यंत समोर उभी राहीन.

पिकअपचा मागचा रॉड रशीद शेख यांनी नीट बसवला होता. परत आवळायला त्यांनी मला बोलावलं होतं. नट ढिला झालेला मी खंडेनवमीच्या सकाळी पाहिला, बोटांनी हलवून पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी गाडा जोडला.